केळ्यासाठी वेगळी बेराखा, आणि ती पुन्हा म्हणायला नकार

घोडबंदरवासी (प्रश्न):

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी समाजातल्या) कुटुंबाने नवीन घर घेतल्याबद्दल मलिदा केला आणि शेजारी म्हणून आम्हालाही बोलावले. मोठ्या ताटात साखर, ओले खोबरे आणि वेलची घालून कालवलेले पोहे होते. त्याभोवती खजूर, सफरचंद, केळी, चिकू आणि द्राक्षे मांडली होती. ‘एलियाहू हन्नाबी’ हे गीत झाल्यावर घरच्या काकांनी खजूर हातात घेऊन हिब्रूतले एक वाक्य म्हटले, सर्वांनी ‘आमेन’ म्हटले आणि खजूर वाटले. त्यानंतर सफरचंदाच्या आणि द्राक्षांच्या वेळी कोणी काहीच म्हटले नाही. केळे हातात आले तेव्हा मात्र काका थांबले आणि त्यांनी पुन्हा एक वाक्य म्हटले. त्याची सुरुवात खजुराच्या वाक्यासारखीच होती, शेवट मात्र वेगळा होता.

मला कुतूहल वाटले. पाने आवरली जात असताना मी फोन पुढे केला आणि म्हणालो, “काका, ते केळ्याचे वाक्य एकदा परत म्हणा ना, ध्वनिमुद्रित करून ठेवतो.” काका हसून म्हणाले, “खायचे नसताना म्हणता येत नाही.” मी फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी ते म्हणून दाखवले, परंतु आधी ज्या जागी मी ‘अदोनाय’ ऐकले होते, तेथे या वेळी ‘हाशेम’ असा शब्द आला. एवढ्या प्रेमळ माणसाने एका वाक्यासाठी इतका काटेकोरपणा का पाळावा, हे मला समजले नाही, आणि त्यांना आणखी छेडणे बरे दिसले नसते.

जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. केळे हे फळ नव्हे काय? जे वाक्य देवाची स्तुती आहे ते पुन्हा म्हटले तर बिघडते काय? आणि ‘बारूख अत्ता’ म्हणजे ‘तू धन्य आहेस’ किंवा ‘तुला आशीर्वाद असो’ असा अर्थ मी वाचला आहे, तर माणसाने देवाला आशीर्वाद देणे ही काय कल्पना आहे? यहुदी गूढवादात, म्हणजे कब्बालात, याचे काही निराळे स्पष्टीकरण आहे असे ऐकतो. ते धर्मशास्त्राला मान्य असते का?

अष्टागर:

मी स्वतः बेने इस्राएल आहे आणि अलिबाग तालुक्यातला आहे. मी हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, नाही, सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावर बसणारा माणूस आहे, तेव्हा हे उत्तर त्या बेताने घ्यावे. देवाचे नाव जेथे येते तेथे मीही ‘हाशेम’ असेच लिहितो. त्याचा अर्थ नुसता ‘ते नाव’ एवढाच आहे.

‘बेराखा’ म्हणजे ‘बारूख अत्ता’ने सुरू होणारे देवाच्या स्तुतीचे ठरावीक वाक्य. काकांनी खजुरावर जी बेराखा म्हटली तिचा शेवट ‘बोरे पेरी हाएत्स’ असा असतो, म्हणजे ‘झाडाचे फळ निर्माण करणारा’. केळ्यावरचा शेवट ‘बोरे पेरी हाअदामा’, म्हणजे ‘जमिनीचे फळ निर्माण करणारा’. झाड कशाला म्हणायचे याची कसोटी तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या मूळ ग्रंथसंग्रहातल्या ‘बेराखोत’ (हे ‘बेराखा’चे अनेकवचन) या ग्रंथात आहे: फळ काढून घेतल्यावर फांदी शिल्लक राहते आणि तीच पुढे पुन्हा फळते, ते झाड. केळीचे तसे नाही. घड उतरवला की तो खांब पुन्हा फळत नाही, तो तोडून टाकावा लागतो आणि शेजारी कंदाला फुटलेल्या मुनव्यांतून नवी केळ उभी राहते. शास्त्राच्या हिशेबात केळे म्हणूनच भाजीपाल्याच्या पंक्तीला बसते. इस्राएलमधल्या सफेद (त्सफात) गावी राहणाऱ्या राब्बी योसेफ कारो यांचा ‘शुलहान आरूख’ हा आचारसंहितेचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला आणि आजही तो प्रमाण मानला जातो. त्यात केळ्याचे नाव घेऊन हा निर्णय अवघ्या एका वाक्यात दिला आहे. नागावच्या वाडीत काम करणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. पपईच्या बाबतीत मात्र पंडितांचे अजून एकमत नाही, बहुतेक जण तिलाही जमिनीच्याच बाजूला ठेवतात.

खजूर आधी का, याचेही कारण आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (Deuteronomy) नावाच्या पुस्तकात आठव्या अध्यायात इस्राएलच्या भूमीची सात पिके सांगितली आहेत, आणि ‘भूमी’ या शब्दाला जे पीक जवळ त्याचा मान आधी. त्या गणतीत खजूर द्राक्षाच्या पुढे लागतो, आणि सफरचंद, चिकू तर यादीतच नाहीत. खजुरावर म्हटलेली बेराखा ताटातल्या सगळ्या झाडाच्या फळांना पुरते, म्हणून नंतर कोणी काही म्हटले नाही. चुकून केळ्यावर ‘झाडाचे फळ’ म्हटले तर ते चालत नाही. उलट झाडाच्या फळावर ‘जमिनीचे फळ’ म्हटले तर चालते, कारण झाडही शेवटी जमिनीतूनच येते. हा बारकावा मिश्नातच, म्हणजे तालमूदच्या मूळ गाभ्यातच आहे, आणि तो इसवी सन २०० च्या सुमाराचा आहे.

आपल्याकडच्या जेवणात तर या नियमांची खरी परीक्षा होते. गव्हाच्या पोळीला पावाचा मान मिळतो, तिच्या आधी हात धुऊन ‘हामोत्सी’ म्हणायचे. भात आणि तांदळाची भाकरी यांना धान्याच्या पक्वान्नाची, म्हणजे ‘मेझोनोत’ची बेराखा आहे, पण खाऊन झाल्यावरची बेराखा मात्र गव्हाच्या पक्वान्नाची म्हणायची नाही, ‘बोरे नेफाशोत’ ही साधी म्हणायची. ज्वारीची, बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, उसाचे कांडे आणि शहाळ्याचे पाणी यांना सर्वांत सामान्य असा ‘शेहाकोल’ पुरतो, ज्याचा अर्थ ‘ज्याच्या शब्दाने सर्व काही झाले’. नारळाचे खोबरे मात्र झाडाचे फळ. भाकरीला पाण्याच्या पंक्तीला बसवलेले पाहून माझी आजी शेवटपर्यंत कुरकुरत असे.

आता काकांच्या नकाराबद्दल. ‘बेराखोत’मध्येच एक कठोर वाक्य आहे की, या जगातल्या कोणत्याही वस्तूचा बेराखा म्हटल्याशिवाय उपभोग घेणे निषिद्ध आहे, आणि जो घेतो त्याने जणू मंदिराला अर्पण केलेल्या मालमत्तेचा अपहार केला. पुढे तेथे दोन स्तोत्रवचने समोरासमोर ठेवली आहेत: एक म्हणते ‘पृथ्वी व तिच्यातले सर्व काही परमेश्वराचे आहे’, दुसरे म्हणते ‘आकाश परमेश्वराचे, पण पृथ्वी त्याने मनुष्यांना दिली आहे’. राब्बी लेवी यांनी दोन्हींचा मेळ असा घातला की, पहिले वचन बेराखा म्हणण्याआधीचे आणि दुसरे म्हटल्यानंतरचे. म्हणजे ते वाक्य म्हणजे जवळजवळ ताबा मिळण्याची पावती आहे, आणि ज्या केळ्याचा ताबा घ्यायचाच नाही त्याची पावती फाडायची कशी? त्याच ग्रंथात दुसरे वाक्य असे आहे की, गरज नसताना बेराखा म्हणणारा ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको’ ही आज्ञा मोडतो. अशा उच्चाराला ‘बेराखा लेवत्ताला’, म्हणजे वाया गेलेली बेराखा म्हणतात. बेराखा म्हटली की नाही असा संशय आला तर ती पुन्हा म्हणायची नाही, असा नियमच आहे. अपवाद पोटभर जेवल्यानंतरच्या प्रार्थनेचा, कारण ती प्रत्यक्ष तोरातली, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतली आज्ञा मानतात, बाकीच्या बेराखोत ऋषींनी लावून दिलेल्या आहेत.

आणि चुकून तोंडातून निघालेच तर? समजा, आपण फळ हातात घेतले, ‘बारूख अत्ता’ आणि पुढे नाव उच्चारले, आणि तेवढ्यात आठवले की बेराखा मघाशीच झाली आहे. अशा वेळी ‘लाम्मदेनी हुक्केखा’, म्हणजे ‘तुझे नियम मला शिकव’ एवढे जोडायचे. त्याबरोबर अर्धवट बेराखेचे रूपांतर स्तोत्र ११९ मधल्या एका पूर्ण ओवीत होते, आणि नाव वाया जात नाही. लहानपणी मी हे इतक्या वेळा केले आहे की ती ओवी मला बाकी स्तोत्राच्या आधी पाठ झाली.

शंकेखोर:

उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु एक विचारतो, राग मानू नये. पावती, ताबा, अपहार, संशय, अपवाद, हे सगळे खतावणीसारखे वाटते. केळे जमिनीचे की झाडाचे याचा खल करणाऱ्या माणसाचे मन देवाकडे असते कधी? आपल्याकडेही कर्मकांडाबद्दल संतांनी हेच विचारले होते.

पुष्करणी:

शंकेखोर यांनी विचारलेला प्रश्न त्या परंपरेने स्वतःला फार पूर्वीच विचारलेला आहे, आणि तोही त्याच ‘बेराखोत’ ग्रंथात. मी बेने इस्राएल नाही. धर्मशास्त्र आणि गूढवाद यांचा संबंध हा माझ्या अनेक वर्षांच्या वाचनाचा विषय आहे, त्या आधारावर लिहितो.

मिश्नात राब्बी एलिएझर म्हणतात की, जो आपली प्रार्थना ठरावीक करून टाकतो त्याची प्रार्थना ही याचना राहत नाही. पुढच्याच अध्यायात जुन्या भक्तांचे वर्णन येते: ते प्रार्थनेपूर्वी तासभर नुसते थांबत, मन स्वर्गातल्या पित्याकडे लागावे म्हणून. उभे राहून म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, ‘अमिदा’त, राजाने नमस्कार केला तरी उत्तर द्यायचे नाही आणि टाचेला साप वेटोळे घालून बसला तरी प्रार्थना मोडायची नाही, असेही तेथेच म्हटले आहे. मनाच्या या रोखाला ‘कव्वाना’ म्हणतात. बाराव्या शतकातले महान संहिताकार रामबाम, म्हणजे मायमोनिडीस, यांनी तर सरळ लिहिले की, कव्वानाविना केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, ती पुन्हा करावी.

येथे शास्त्राची अडचण होते. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी एकोणीस बेराखोतची अमिदा, आणि मन तर सगळ्यांचेच भटकते. रामबाम यांचा नियम अक्षरशः लावला तर माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तीच प्रार्थना पुन्हापुन्हा म्हणत बसेल. म्हणून ‘शुलहान आरूख’मध्ये कारो यांनी असा तोडगा दिला की, सर्व बेराखोतमध्ये मन लावावे, ते जमत नसेल तर निदान पहिल्या बेराखेत तरी लावावे. त्यावर क्राकोचे राब्बी मोशे इस्सरलेस यांनी जी टीप लिहिली ती मला या सगळ्या वाङ्मयातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. ते म्हणतात की, आजकाल मन लागले नाही म्हणून आपण पुन्हा प्रार्थना करत नाही, कारण दुसऱ्या वेळीही ते लागण्याची शक्यता नाहीच. हिशेब ठेवणाऱ्याला माणूस किती दुबळा आहे हे भाविकापेक्षाही चांगले ठाऊक असते, असे या ओळीवरून वाटते.

आता मूळ तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘बारूख’चा अर्थ नुसता ‘धन्य’ घेतला तर ते स्तुतीचे विशेषण ठरते आणि गाठ सुटते. परंतु तालमूदमध्येच एक कथा आहे जी ही सोय राहू देत नाही. मुख्य याजक राब्बी यिश्माएल बेन एलिशा धूप जाळण्यासाठी मंदिराच्या अंतर्गाभाऱ्यात गेले, तेव्हा सिंहासनावर बसलेला देव त्यांना म्हणाला, “यिश्माएल, माझ्या मुला, मला आशीर्वाद दे.” त्यांनी म्हटले, “तुझी करुणा तुझ्या क्रोधावर मात करो.” त्यावर देवाने मान हलवून ते स्वीकारले. तेराव्या शतकातल्या स्पेनमधील पंडितांना हा प्रसंग नुसता रूपक म्हणून सोडवेना. बार्सिलोनाचे राब्बी श्लोमो बेन आद्रेत हे कायद्याच्या हजारो प्रश्नांची उत्तरे देणारे अधिकारी. त्यांनी ‘बेराखा’ हा शब्द वाढ आणि भर या अर्थी घेतला, आणि त्या काळापासून हिब्रूतल्या ‘बेरेखा’ या दुसऱ्या शब्दाशी त्याची जोड घालण्याचा प्रघात पडला. ‘बेरेखा’ म्हणजे पाण्याचे कुंड. त्या वाचनानुसार ‘बारूख अत्ता’ म्हणणारा देवाला काही देत नसतो, तो भरलेल्या कुंडाचे तोंड उघडत असतो, आणि पाणी खालच्या पाटांतून जगापर्यंत उतरते.

कब्बालात हे पाट म्हणजे दहा ‘सेफिरोत’, देवाच्या प्रकट होण्याच्या दहा पायऱ्या. त्यांतली शेवटची, जगाला लागून असलेली, ती ‘शेखिना’, देवाचे जगातले सान्निध्य. ती वरच्या पायऱ्यांपासून तुटली की जगात कोरड पडते, आणि प्रत्येक बेराखा हे ते ऐक्य पुन्हा साधण्याचे कर्म ठरते. काकांच्या ताटापाशी सर्वांनी म्हटलेल्या ‘आमेन’चेही असेच. हिब्रूत अक्षरांना संख्यामूल्य असते. देवाच्या ज्या चार अक्षरी नावाचा उच्चार करायचा नाही त्याची बेरीज २६ येते, त्याऐवजी उच्चारायच्या ‘अदोनाय’ची बेरीज ६५, आणि ‘आमेन’ची बेरीज ९१, म्हणजे नेमकी दोन्ही नावांची मिळून. लिहिलेले नाव आणि बोललेले नाव ‘आमेन’मध्ये एकत्र येतात, असे कब्बालावाले सांगतात.

हे धर्मशास्त्राला मान्य असते का, याचे एक उत्तर ‘शुलहान आरूख’च्या पाचव्या प्रकरणातच आहे. नाव उच्चारताना मनात काय असावे, तर उच्चाराचा अर्थ, ‘सर्वांचा स्वामी’, आणि लेखनाचा अर्थही, ‘होता, आहे आणि असेल’, असे कारो सांगतात. हेच कारो रात्री मिश्नाचा पाठ करताना एक दिव्य वाणी, ‘मग्गिद’, आपल्याशी बोलते असे मानत आणि तिचे बोल टिपून ठेवत. केळ्याचा निर्णय आणि मग्गिदची वाणी एकाच लेखणीने लिहिली गेली. मजेची गोष्ट पुढे आहे. अठराव्या शतकातले विल्नाचे गाओन, जे स्वतः कब्बालाचे गाढे अभ्यासक होते, त्यांनी कारोंची ही दुहेरी अट सैल केली आणि सांगितले की, शेमाची (‘हे इस्राएला, ऐक’ ही) प्रार्थना सोडली तर उच्चाराचा अर्थ मनात असला की पुरे. गूढवादी नेहमी अधिकच मागतो, असे आपण समजतो. येथे उलट झाले.

शंकेखोर:

मान्य. पण मग नवी शंका येते. प्रार्थना एकाच देवाला करायची म्हणता आणि मध्ये दहा पायऱ्या उभ्या करता. प्रार्थना करणारा नेमका कोणापुढे उभा असतो?

पुष्करणी:

ही शंका चौदाव्या शतकात जवळजवळ याच शब्दांत विचारली गेली, आणि विचारणारे राब्बी यित्सहाक बेन शेशेत (१३२६–१४०८) हे स्पेनमधून अल्जिअर्सला गेलेले मोठे कायदेपंडित होते. त्यांच्या १५७ व्या उत्तरपत्रात एका टीकाकाराचे बोलणे नमूद आहे की, ख्रिस्ती लोक तिघांना मानतात आणि कब्बालावाले दहांना. त्याच पत्रात फ्रान्समधल्या शिनोन गावचे राब्बी शिमशोन यांची आठवण आहे. आपल्या पिढीत सर्वांत विद्वान मानले जाणारे हे राब्बी म्हणत, “मी या लहान मुलाच्या मनाने प्रार्थना करतो.” एका बेराखेत या सेफिराकडे आणि दुसऱ्या बेराखेत त्या सेफिराकडे मन लावण्याची जी पद्धत पडली होती तिच्यापासून त्यांना स्वतःला वेगळे ठेवायचे होते.

मात्र बेन शेशेत यांनी दुसरी बाजूही ऐकून घेतली, आणि म्हणून ते पत्र मला आवडते. डॉन योसेफ इब्न शोशान हे तालमूद जाणणारे आणि कब्बालाही जाणणारे गृहस्थ त्यांनी पाहिले होते. त्यांनी खुलासा असा केला की, अर्ज राजाकडेच असतो, परंतु दान मागणारा राजाला विनंती करतो की खजिनदाराला हुकूम द्यावा, आणि न्याय मागणारा विनंती करतो की न्यायाधीशाला द्यावा. बेन शेशेत यांनी हा खुलासा चांगला आहे असे म्हटले आणि लगेच विचारले की, या भानगडीत पडायचेच कशाला? सरळ देवाला प्रार्थना करावी, कोणत्या वाटेने द्यायचे ते त्याला ठाऊक आहे.

पुढच्या सुमारे दोनशे वर्षांत वारा फिरला. सफेदमध्ये यित्सहाक लुरिया (१५३४–१५७२) यांनी शिकवलेल्या आणि हायिम विताल यांनी लिहून ठेवलेल्या पद्धतीत प्रार्थनेच्या प्रत्येक शब्दाला स्वतंत्र ध्यान मिळाले. पुढे जेरुसलेमच्या बेथ एल या कब्बालाच्या अभ्यासपीठात येमेनहून आलेल्या शालोम शराबी यांच्या परंपरेतली प्रार्थनापुस्तके पाहिली तर एका शब्दाभोवती दैवी नावांच्या निरनिराळ्या स्वरचिन्हांची अशी दाटी दिसते की मूळ शब्द शोधावा लागतो. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी एक छोटे वाक्य प्रचारात आले, ‘लेशेम यिहूद’, म्हणजे ‘पवित्र परमेश्वर आणि त्याची शेखिना यांच्या ऐक्यासाठी’. कोणतीही आज्ञा पाळण्यापूर्वी ते म्हणायचे.

यावर प्रागचे राब्बी येहेझ्केल लांदाउ (१७१३–१७९३) यांनी जी झोड उठवली ती प्रसिद्ध आहे. ‘लेशेम यिहूद’ म्हणण्याची योग्य रीत कोणती, असे त्यांना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले की, रीत कसली विचारता, मुळात म्हणावे का हे आधी विचारा. होशेयाच्या पुस्तकातल्या शेवटच्या ओवीत परमेश्वराच्या वाटांबद्दल ‘नीतिमान त्यांवरून चालतात आणि पापी त्यांत अडखळतात’ असे आहे. लांदाउंनी ‘पापी’च्या जागी ‘हसिद’ हा शब्द घालून नव्या भक्तिपंथाला टोला हाणला. परंतु त्यांचा खरा मुद्दा टोल्यात नाही, पुढच्या वाक्यात आहे. ज्या आज्ञेला बेराखा ठरलेली आहे तिच्या वेळी मी बेराखेखेरीज काहीच म्हणत नाही, कारण जे साधायचे ते सगळे जुन्या ऋषींनी त्या शब्दांत भरून ठेवले आहे, असे ते सांगतात. ते कब्बालाची चेष्टा करत नव्हते. बेराखेची शक्ती त्यांनाही मान्य होती, म्हणूनच तिला प्रस्तावना नको होती.

अष्टागर:

पुष्करणी यांनी सांगितलेल्या गोष्टींतले बरेच मलाही नवे आहे. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या ‘शेमा इस्राएल’ एवढीच प्रार्थना शिल्लक होती, असे आमचे लोक सांगतात. मुंबईत आमचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सामुएल एझिकेल दिवेकर यांनी बांधले, आणि प्रार्थनापुस्तके नीट हाती आली ती त्यानंतर. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची भाषांतरे मराठीत केली, म्हणून माझ्या आजीला ती म्हणत असलेल्या शब्दांचा अर्थ ठाऊक होता. पेसाह सणाच्या रात्री वाचायच्या हग्गादा या पुस्तकाची मराठी आवृत्ती तर १८४६ मध्येच मुंबईत छापली गेली होती.

यावरून एक प्रश्न उरतो, तोही या चर्चेत बसतो. मराठीत म्हटलेली बेराखा चालते का? मिश्ना म्हणते की शेमा, अमिदा आणि जेवणानंतरची प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येते, आणि अर्थ समजणे ही त्यात अट असते. गूढवाद्यांना हे जड जाणार हे उघड आहे, कारण ९१ ची बेरीज हिब्रू अक्षरांतच होते, देवनागरीत होत नाही. आमच्या घरात तडजोड अशी होती की, म्हणायचे हिब्रूत आणि पुस्तक उघडे ठेवायचे मराठीचे.

आणखी एक, शंकेखोर यांच्या खतावणीसाठी. राब्बी मेइर यांच्या म्हणण्याप्रमाणे माणसाने रोज शंभर बेराखोत म्हणायच्या असतात. एरवी तीन अमिदांतच सत्तावन्न होतात. सकाळच्या वीसेक असतात, आणि शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायचीही एक आहे, ज्यात शरीरातली छिद्रे आणि नळ्या उघड्या-बंद नीट राहिल्याबद्दल आभार असतात. (पन्नाशीनंतर ही बेराखा मन लावूनच म्हटली जाते, कव्वानाचा उपदेश लागत नाही.) शब्बाथला मात्र अमिदा सात बेराखोतचीच असते, त्यामुळे तूट येते. ती फळे खाऊन आणि सुगंध घेऊन भरून काढावी असे शास्त्रच सांगते. शनिवारी दुपारी आजी एकाच वेळी सगळे कधी पुढे ठेवत नसे. आधी द्राक्षे, मग तासाभराने भाजलेले शेंगदाणे, मग लिंबू हुंगायला. मुद्दाम गरज निर्माण करून बेराखा वाढवणे हाही दोष आहे, म्हणून ती खरोखर भूक लागेपर्यंत थांबायची.

घोडबंदरवासी:

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी काकांकडे पुन्हा गेलो होतो आणि फोन खिशातच ठेवला. त्यांची पाच वर्षांची नात टेबलाशी बसली होती आणि आजी तिला केळ्याची बेराखा शिकवत होती. मला आश्चर्य वाटले, कारण मुलगी अजून काही खात नव्हती आणि तरीही आजी तिच्याकडून नावासकट पूर्ण वाक्य म्हणवून घेत होती, ‘हाशेम’ नव्हे. काका म्हणाले की, मुलांना शिकवताना पूर्ण नाव घ्यायला परवानगी आहे, नाहीतर ती चुकीचेच शिकतील.

तिने ‘हाअदामा’पर्यंत वाक्य नेले आणि माझ्या तोंडून ‘आ’ निघाला, तोच काकांनी हाताने थांबवले. शिकण्यासाठी म्हटलेल्या बेराखेला ‘आमेन’ म्हणायचे नसते. मग आजीने केळे सोलून तिच्या हातात दिले, तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.